डब्यावरची चिठ्ठी आणि रेचल कार्सनबाई

आपल्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणायची पद्धत आहे. कपाशीला औषध मारलं, तुरीला औषध मारायचंय, उधारीवर औषध आणलं. तापाची गोळी तेही औषध नि अळी मारायचं विष तेही औषधच. शब्द एकच पडल्याने मनातली धास्ती जाते. मग ते औषध घरात फळीवर ठेवलं जातं, उरलंसुरलं गोडेतेलाच्या बाटलीत ओतलं जातं नि टोपणाच्या मापाने पंपात जातं. डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, जिला आपण लेबल म्हणतो, ती वाचायला कोणाला सवड नसते. फिरतीवर असताना बांधावर पडलेले रिकामे डबे मी उचलून पाहतो. आतलं माहितीपत्रक बहुतेक वेळा घडी न मोडताच फेकलेलं असतं.

ही चिठ्ठी काही कंपन्यांनी आपणहून हौसेने लावलेली नाही. विषाची वर्गवारी करा, डब्यावर खरं ते लिहा, ठळक लिहा, यासाठी जगात अनेक ठिकाणी माणसं झगडली. त्या झगड्यातलं सगळ्यात मोठं नाव एका बाईचं आहे. अमेरिकेच्या रेचल कार्सन. कृषी विद्यालयात त्यांचं नाव एका ओळीत उरकतात: डी.डी.टी.विरुद्ध पुस्तक लिहिणारी बाई. पण त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर आपल्या कामाचं त्यात बरंच आहे.

शेतावरची मुलगी

कार्सनबाईंचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. ॲलेघेनी नदीच्या काठी त्यांच्या वडिलांची ६५ एकर जमीन होती. जमीन बरीच असली तरी हातात पैसा नव्हता. वडिलांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले होते. तीन भावंडांत रेचल धाकटी. आई शिकलेली, पियानोच्या शिकवण्या घेणारी. ती मुलीला घेऊन रानात हिंडायची, पाखरांची घरटी, किडे, झाडं दाखवायची. पाहून झालं की जिथलं तिथे ठेवायचं, हा तिचा नियम. मुलीला लिहायचीही आवड. अकराव्या वर्षीच तिची गोष्ट एका मुलांच्या मासिकात छापून आली.

कॉलेजला गेल्या त्या लेखिका व्हायचं म्हणून. इंग्रजी विषय घेतला होता. मधेच जीवशास्त्राची गोडी लागली आणि विषय बदलला. फीसाठी आईने शिकवण्या वाढवल्या, घरातली चिनी मातीची चांगली भांडी विकली. १९२९ मध्ये पदवी मिळाली आणि १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची एम.ए. झाली. पुढे डॉक्टरेट करायची इच्छा होती. पण अमेरिकेत तेव्हा मंदीचा कहर होता. घरचं माणूस शिकायला बसून राहील अशी परिस्थिती नव्हती. शिक्षण तिथेच थांबलं. १९३५ मध्ये वडीलही वारले.

मग सरकारी मत्स्य खात्यात किरकोळ काम मिळालं. रेडिओवर माशांची, समुद्राची माहिती द्यायची, तिचं लेखन करायचं. खात्यातल्या शास्त्रज्ञांना माहिती होती, पण लोकांना कळेल असं लिहिता येत नव्हतं. कार्सनबाईंना दोन्ही जमत होतं. १९३६ मध्ये त्यांनी नोकरीची परीक्षा दिली, सगळ्या उमेदवारांत जास्त गुण मिळवले आणि कायम झाल्या. पुढच्याच वर्षी थोरली बहीण गेली. तिच्या दोन लहान मुली आई आणि रेचल यांच्या पदरात आल्या. स्वतः लग्न केलं नाही, पण संसाराचं ओझं काही चुकलं नाही.

सरकारी खात्यात त्यांनी जवळजवळ सोळा वर्षं काढली. काम काय? संशोधकांचे अहवाल वाचायचे, दुरुस्त करायचे, लोकांसाठी पत्रकं लिहायची. म्हणजे तुमच्या-आमच्या विस्तार खात्यासारखंच. १९४९ मध्ये त्या खात्याच्या सगळ्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. पुढे डी.डी.टी.वर लिहायची वेळ आली तेव्हा कोणतं कागदपत्र कुठल्या खात्यात सापडेल आणि अहवालातली खरी गोष्ट कुठल्या कोपऱ्यात दडलेली असते, हे त्यांना पाठ होतं.

पांढरी पूड आणि लेबलचा कायदा

दुसऱ्या महायुद्धात डी.डी.टी.चा बोलबाला झाला. स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये तिचा कीटकनाशक गुण शोधून काढला होता. ही पूड अंगावर उडवली की उवा मरायच्या नि टायफसचा ताप आटोक्यात यायचा. डास मरून हिवतापही हटायचा. तिने लाखोंचे जीव वाचवले, हे खरंच आहे नि ते मान्य केलं पाहिजे. म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. अंगावर उडवूनही माणसाला लगेच काही होत नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. १९४५ मध्ये ती अमेरिकेत साध्या दुकानातून विकायला आली.

कार्सनबाईंच्या खात्यातले शास्त्रज्ञ त्याच वेळी मासे नि पाखरांवर डी.डी.टी.चा काय परिणाम होतो ते तपासत होते. त्यावर लेख लिहू का, असं बाईंनी १९४५ मध्येच एका मोठ्या मासिकाला विचारलं होतं. मासिकाने नकार दिला. विषय तेवढ्यावर राहिला, पण मनातून गेला नाही.

१९४७ मध्ये अमेरिकेत कीटकनाशकांचा नवा कायदा झाला. तो समजून घेतला पाहिजे, कारण सगळी मेख त्यात आहे. विक्रीआधी प्रत्येक मालाची कृषी खात्याकडे नोंदणी करायची. अति विषारी मालावर कवटी नि हाडांचं चिन्ह, लाल अक्षरात विष हा शब्द आणि उतारा छापायचा. शिशाचं आर्सेनेट वगैरे पांढऱ्या पुडी रंगवूनच विकायच्या, म्हणजे स्वयंपाकघरात पीठ समजून कोणी वापरणार नाही. नियम चांगले होते. पण कायद्यात एक पळवाट होती. कृषी खात्याने नोंदणी नाकारली तरी कंपनी निषेध नोंदवून तोच माल बाजारात विकू शकायची. गिऱ्हाईकाला डब्याकडे पाहून हे कळायचा मार्ग नव्हता. माल धोक्याचा आहे हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर, तेही नंतर, कोर्टात जाऊन.

दुसरी उणीव अशी की लेबल सांगायचं ते आजचं. आज पोटात गेलं तर काय, अंगावर सांडलं तर काय. दहा वर्षांनी काय, विहिरीच्या पाण्यात काय, पाखरांच्या पोटात काय, हे कोणी विचारतच नव्हतं. जे विचारलं नाही ते लेबलवर येणार कुठून?

समुद्राची लेखिका विषाकडे वळते

त्या काळात बाईंचं नाव झालं ते समुद्रावरच्या पुस्तकांनी. १९५१ मध्ये आलेलं त्यांचं समुद्रावरचं पुस्तक दीड वर्षाहून जास्त काळ खपाच्या यादीत राहिलं. पुस्तकाचा पैसा हातात आल्यावर १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. समुद्रकाठी लहानसं घर बांधलं. आता निवांत लिहायचं, असा बेत होता. पण १९५७ मध्ये सांभाळलेल्या भाचीचं निधन झालं. तिचा पाच वर्षांचा मुलगा मागे राहिला. पन्नाशीच्या बाईंनी त्याला दत्तक घेतलं. घरात म्हातारी, आजारी आई होतीच.

त्याच सुमारास अमेरिकन सरकारने विमानातून फवारणीचा सपाटा लावला होता. १९५७ मध्ये पूर्वेकडच्या राज्यांत झाडांची पानं खाणाऱ्या अळीसाठी तेलात मिसळलेली डी.डी.टी. लाखो एकरांवर पडली. जंगल, कुरण, भाजीचे वाफे, घरांची अंगणं, काही सुटलं नाही. दूधदुभतं विकणाऱ्यांच्या चाऱ्यावरही पडली. लोक कोर्टात गेले, पण हरले. दक्षिणेकडे आगमुंगी नावाच्या मुंगीसाठी डिल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर पसरलं. ही दोन्ही डी.डी.टी.पेक्षा कितीतरी जहाल.

जानेवारी १९५८ मध्ये ओल्गा हकिन्स या मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानाने फवारणी झाली आणि तिच्या अंगणातली पाखरं तडफडून मेली, सरकारात कोणाशी बोलावं ते सांग, अशी मागणी होती. बाईंनी चौकशी सुरू केली. दुसऱ्या कोणी लेखकाने हे काम घ्यावं म्हणून आधी खटपट केली. कोणी पुढे येईना. शेवटी स्वतःच बसल्या. त्याच वर्षी डिसेंबरात आई वारली.

चार वर्षं त्यांनी कागद जमवले. शास्त्रज्ञ, डॉक्टर, खात्यातले जुने सहकारी यांना पत्रं लिहिली. एकेक गोष्ट जुळत गेली. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक तलावाचंच घ्या. चिलटांसाठी डी.डी.टी.चा भाऊबंद असलेलं डी.डी.डी. पाण्यात टाकलं, तेही दहा लाख भागांत ०.०२ भाग, म्हणजे नगण्य. पण पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या अंगात ते साठलं. ते जीव माशांनी खाल्ले, मासे पाणकोंबडीसारख्या ग्रीब पक्ष्यांनी खाल्ले. मेलेल्या पक्ष्यांची चरबी तपासली तर त्यात दहा लाखांत १६०० भाग निघाले. पाण्यातल्यापेक्षा ८० हजार पट. मिशिगनमध्ये एल्म झाडांवर डी.डी.टी. मारली. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळं रॉबिन पक्ष्यांनी खाल्ली आणि पुढच्या वसंतात रॉबिन पटापट मेले. फवारा कधी मारला नि पाखरू कधी मेलं! डब्यावरच्या चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं.

क्रॅनबेरीचा धडा

नोव्हेंबर १९५९ मध्ये एक प्रकरण झालं. क्रॅनबेरी म्हणजे तिकडचं करवंदासारखं आंबट लाल फळ. त्यांच्या मोठ्या सणाला ताटात ते लागतंच. या पिकात तणासाठी अमायनोट्रायाझोल नावाचं तणनाशक वापरायला परवानगी होती, पण फळ काढून झाल्यावरच. काही बागाईतदारांनी काढणीआधीच मारलं. फळात अंश सापडले. उंदरांवरच्या चाचण्यांत या तणनाशकाने गळ्याच्या ग्रंथीचा कर्करोग झाला होता. ऐन सणाच्या तोंडावर सरकारला लोकांना सावध करावं लागलं आणि दुकानांतून फळ उठवावं लागलं. ज्यांनी नियम पाळला होता त्या शेतकऱ्यांचाही माल पडून राहिला.

यावरच्या सरकारी सुनावणीला कार्सनबाई जाऊन बसल्या. दोन्ही बाजूंची साक्ष ऐकली. चूक कोणाची? न वाचणाऱ्याची, हे एक उत्तर. पण एवढ्या धोक्याचं रसायन कोणाच्याही हाती द्यायचं आणि बारीक अक्षरात दोन ओळी छापून मोकळं व्हायचं, ही चूक कोणाची? बाईंना दुसरा प्रश्न जास्त मोठा वाटला.

पुस्तक

१९६० मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, पण रोग पसरत गेला. सांधे धरले, काही दिवस डोळ्यांनी वाचता येईना. तरी लिहिणं चालू राहिलं. आजाराची बातमी त्यांनी जवळच्या माणसांपलीकडे जाऊ दिली नाही. कर्करोग झाला म्हणून रसायनांवर राग काढते, असं म्हणायला विरोधकांना जागा मिळू नये, एवढंच त्यामागे होतं.

जून १९६२ पासून लेखन साप्ताहिकात क्रमाने छापून आलं आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी पुस्तक निघालं. नाव सायलेंट स्प्रिंग. म्हणजे ज्या वसंतात एकही पाखरू बोलत नाही असा मुका वसंत. शेवटी ५० हून अधिक पानं नुसत्या आधारांची होती. कोणी म्हणू नये की बाई मनचं लिहिते.

लेबलबद्दल त्यांनी फार नेमकं लिहिलं आहे. औषधाच्या दुकानात जरा कडक गोळी घ्यायची तर सही करावी लागते, पण तिच्यापेक्षा कितीतरी जहाल विष किराणा दुकानात साबण-लोणच्याच्या शेजारी मांडलेलं असतं. लहान मुलाचा हात पोचेल अशा फळीवर. डबा दिसायला छान, चित्र हसऱ्या बाप-लेकाचं, धोक्याची सूचना मात्र इतकी बारीक की शोधावी लागते. घरगुती फवारे वापरणाऱ्या १०० माणसांत १५ जणांनाही डब्यावर काही सूचना आहे हे ठाऊक नसतं, असं एका कंपनीच्याच पाहणीत निघालं होतं. ती पाहणी बाईंनी पुस्तकात मांडली.

आणखी एक मुद्दा त्यांनी काढला तो मिश्रणाचा. मॅलेथिऑन एकटं असेल तर माणसाचं यकृत ते बरंचसं मोडून टाकतं, म्हणून ते त्या वर्गातल्या इतर विषांहून सौम्य मानलं जातं. पण दुसरं एखादं फॉस्फरसयुक्त विष सोबत आलं तर यकृताचं ते काम अडतं नि जहालपणा कित्येक पटीने वाढतो. प्रत्येक डब्याचं लेबल आपापल्या डब्यापुरतं बोलतं. दोन डबे एकत्र आल्यावर काय, ते दोन्ही लेबलांवर नसतं.

कीटकनाशक कधीच वापरू नका, असं मात्र बाईंनी म्हटलं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण त्यांचे विरोधक नेमकं हेच त्यांच्या तोंडी घालत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जहाल रसायनं अंधाधुंद वापरली जाताहेत, ती अजाण माणसांच्या हाती दिली जाताहेत आणि ज्यांच्या अंगावर ती पडतात त्यांना ना विचारलं जातं ना सांगितलं जातं. मित्रकिडी, नर किडे वांझ करून सोडणं असे दुसरे मार्गही त्यांनी सविस्तर दिले. एकात्मिक कीड नियंत्रण म्हणून आज आपण जे शिकवतो त्यातलं बरंच त्यात आहे.

वादळ

रसायन कंपन्या खवळल्या. एका कंपनीने प्रकाशकाला खटल्याची धमकी दिली. एका कंपनीने पुस्तकाची टर उडवणारी गोष्ट छापून वाटली. बाई शास्त्रज्ञच नाही, हळवी आहे, लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढीची काय काळजी, असंही बोललं गेलं. बाईंनी कोणाशी भांडण केलं नाही. कागद पुढे ठेवले.

अध्यक्ष केनेडी यांनी शास्त्रज्ञांची समिती बसवली होती. एप्रिल १९६३ मध्ये बाई टेलिव्हिजनवर आल्या, शांतपणे बोलल्या. १५ मे रोजी समितीचा अहवाल आला आणि बाईंची मुख्य मांडणी त्याने उचलून धरली. ४ जूनला त्या सिनेटच्या समितीपुढे साक्षीला उभ्या राहिल्या. तोवर रोग हाडांत गेला होता. डोक्यावर केसांचा टोप होता, चालवत नव्हतं. तरी त्यांनी मुद्देसूद मागण्या मांडल्या. आपल्या घरात दुसऱ्याने विष आणून टाकू नये हा माणसाचा हक्क मानावा. धोका समजण्याची कुवत असलेल्यालाच जहाल माल विकावा. नोंदणीचा निर्णय एकट्या कृषी खात्याने न घेता आरोग्याचं नि वन्यजीवांचं खातंही त्यात असावं.

१४ एप्रिल १९६४ रोजी त्या गेल्या. वय ५६. आणि बरोबर पुढच्या महिन्यात, मे १९६४ मध्ये, १९४७ च्या कायद्यातली ती पळवाट बंद झाली. नोंदणी नाकारलेला माल निषेध नोंदवून विकणं संपलं. डब्यावर सरकारी नोंदणी क्रमांक छापायला लावायचा अधिकार सरकारला मिळाला. ते पाहायला बाई नव्हत्या.

पुढचं काम भराभर झालं. १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरणाचं स्वतंत्र खातं निघालं आणि कीटकनाशकांची नोंदणी कृषी खात्याकडून तिकडे गेली. १९७२ मध्ये डी.डी.टी.चे बहुतेक सगळे उपयोग बंद केले. त्याच वर्षी कायदा बदलून मालाचे दोन वर्ग केले: कोणीही वापरावा असा आणि प्रशिक्षण घेतलेल्या प्रमाणित माणसानेच वापरावा असा. बाईंनी सिनेटपुढे मागितलं होतं ते हेच.

आपला चौकोन

आता आपल्याकडे येऊ. ज्या १९५८ साली बाईंनी काम हाती घेतलं त्याच साली केरळात मोठा घात झाला. एकाच जहाजात गव्हाचं पीठ आणि फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन, शेजारी शेजारी आलं. विष गळून पिठात उतरलं. ते पीठ खाऊन १०० हून अधिक माणसं दगावली. त्यानंतर आपल्या देशात कीटकनाशकांसाठी वेगळा कायदा हवा हे पटलं. कीटकनाशक कायदा १९६८ मध्ये झाला, नियम १९७१ मध्ये आले. डब्यावरचा कोनावर उभा केलेला चौकोन त्या नियमांतला.

या चौकोनाचे दोन त्रिकोण पडतात. वरच्यात चिन्ह नि धोक्याचा शब्द, खालच्यात रंग. खालचा त्रिकोण टोक खाली असलेला असतो. लाल असला की जुन्या मंडळींना कुटुंब नियोजनाचा त्रिकोण आठवतो! पण याचा अर्थ वेगळा. लाल म्हणजे अति जहाल, वर कवटी आणि विष हा शब्द. पिवळा म्हणजे जहाल, कवटी नाही पण विष हा शब्द आहेच. निळा म्हणजे मध्यम, धोका हा शब्द. हिरवा म्हणजे त्या मानाने कमी, सावधान हा शब्द. लाल, पिवळ्या नि निळ्या डब्यावर मुलांच्या हाती लागू देऊ नका ही सूचनाही असते.

रंग ठरतो तो एल.डी. ५० या आकड्यावर. प्रयोगातल्या प्राण्यांना विष तोंडाने दिलं आणि त्यातले निम्मे मेले, तर वजनाच्या दर किलोला किती मिलिग्रॅम लागलं, तो हा आकडा. १ ते ५० लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. इथे घोटाळा होतो म्हणून सांगतो: आकडा जितका लहान तितकं विष मोठं. कातडीतून भिनणाऱ्या विषाचेही असेच आकडे ठरलेले आहेत.

आता बाईंचा प्रश्न या चौकोनाला विचारून पाहा. उंदरावर डी.डी.टी.चा आकडा साधारण ११३ येतो. म्हणजे आपल्या हिशोबाने पिवळा, लालसुद्धा नाही. तरी तिने पाखरांची पिढी मारली आणि आपल्या सरकारने १९८९ मध्ये तिचा शेतीतला वापर बंद केला. बी.एच.सी. १९९७ मध्ये बंद झाली, एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. रंग सांगतो ते आजच्या विषबाधेचं. सावकाश साठणाऱ्या विषाचं रंग काही सांगत नाही. म्हणून हिरवा म्हणजे निर्धोक असं समजू नये, आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय माल बाजारात नेऊ नये. क्रॅनबेरीवाल्यांचा धडा तोच आहे.

मिश्रणाचंही तसंच. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची सवय त्या वेळी पुन्हा चर्चेत आली. पंपात मिसळलेल्या द्रावणाला लेबल नसतं, मंडळी. दोन निळे मिळून कोणता रंग होतो हे कोणत्याही डब्यावर छापलेलं नाही.

गावात काय करता येईल

सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांना एक विनंती. फवारणीचा हंगाम लागायच्या आधीच्या ग्रामसभेत गावात खपणाऱ्या चार-पाच औषधांची माहितीपत्रकं मोठ्याने वाचावीत. माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असलं पाहिजे असा नियम आहे, तेव्हा मराठी नसेल तर दुकानदाराला विचारावं. अक्षर बारीक असतं, ही तक्रार बाईंनीही केली होती. म्हणून शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यायला लाज कसली? सुट्टं, बिनलेबलचं औषध कोणी विकत असेल तर ते घेऊ नये आणि तालुक्याला कळवावं. रिकामा डबा धुऊन घरात वापरू नये. फोडून, वस्ती आणि पाण्यापासून दूर पुरावा.

फवारणाऱ्या मजुरालाही चौकोन दाखवावा. पंप त्याच्या पाठीवर असतो नि डबा मालकाच्या घरी. आपण काय अंगावर घेतोय हे त्याला कोणी सांगत नाही. ज्याच्या अंगावर विष पडतं त्याला विचारलं पाहिजे, सांगितलं पाहिजे, हे बाईंचं म्हणणं आपल्याकडे पहिल्यांदा लागू होतं ते या मजुराला. आणि विषबाधा झालीच तर रोग्याबरोबर डबा दवाखान्यात न्या. उतारा लेबलवर आणि माहितीपत्रकात लिहिलेला असतो. डबा नसेल तर डॉक्टरला नुसत्या वासावरून नि लक्षणांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि त्यात वेळ जातो.

एका शेतावरच्या मुलीने कर्करोग अंगावर घेऊन हे सगळं मागितलं. तिला मिळालं ते तिच्या मागे. आपल्याला ते डब्याबरोबर आयतं मिळतं, घडी न मोडलेलं. पुढच्या वेळी औषध आणाल तेव्हा टोपण उघडायच्या आधी ती घडी मोडा. आणि जमलं तर त्याला औषध म्हणणंही सोडा. विष म्हणा, म्हणजे हात आपोआप जपून चालेल.